लखूमामाचा चौदाचा दोर

लखूमामा, आधी माफी मागतो. तुझ्यावर लिहायचा अधिकार माझा नाही. तो दत्तूचा आहे, यशवंतदादाचा आहे, तुझ्याबरोबर इतकी वर्षं झाडावर काढलेल्या कुणाचाही आहे. मी तुला कायम जमिनीवरून बघितलं. स्वतः चढलो ते फार तर पहिल्या बेचक्यापर्यंत, तेही तू खालून ढकललंस म्हणून. पण दत्तूला लिहिता येत नाही, यशवंतदादा म्हणतो "लिवून काय व्हतंय", आणि कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी सरांनी "आपल्या माणसावर लिहा" असं सांगितलं तेव्हा माझ्या डोक्यात दुसरं कुणी आलंच नाही. लिहिण्यात काही चुकलं तर वरून एक फांदी टाक. फक्त टाकायच्या आधी नेहमीसारखं "खाली कोन हाय रे?" असं ओरड.

अशा लेखाच्या शेवटी 'ईश्वर मृतात्म्यास शांती देवो' असं लिहायची पद्धत आहे. मी ते लिहिणार नाही. तुला शांतता कधी मानवली? घरात सगळे दोन घटका गप्प बसले तरी तू विचारायचास, "काय गो, कोन मेलंय?" आणि मामी म्हणायची, "मेलंय कुटं, जेवतायत." तू गेल्यावर लोक जे बोलतायत ते ऐकून मलाही शांतता नाही.

पहिली गोष्ट, तू पडला नाहीस. पोलादपूरच्या एसटी स्टँडवर चहा पिता पिता माणसं एकमेकांना सांगतात, "तो झाडं तोडणारा लखू पडून गेला म्हणे. झाडावरचा माणूस झाडावरनंच जायचा." अशा वेळी मला मध्ये बोलायचा धीर होत नाही. मग घरी येऊन मनात भांडत बसतो. तर इथे लिहून ठेवतो. तू काविळीने गेलास, तुझ्या घरात, अंथरुणावर. आख्खं आयुष्य वड, आंबे, चिंचा, ऐन यांच्या शेंड्यांवर काढलंस आणि एकदाही पडला नाहीस. ज्यांना खाट सोडून उंची माहीत नाही त्यांनी तुला पाडू नये.

दुसरी गोष्ट जास्त लागते. तुम्हाला फांद्या छाटायची कामं देणारा ठेकेदार सांगत फिरतो की शेवटी शेवटी लखू घाबरला होता, म्हणून काम सोडून गेला. हे ऐकून मी ठेकेदारावर चिडतो आणि लगेच माझी मान खाली जाते. कारण त्याला हे बोलता आलं ते माझ्यामुळे. आणि लोकांना हे खरं वाटत राहिलं तर तुझी चार माणसं ठेकेदाराच्या निळ्या दोरावर चढत राहतील, ही भीती मला होती.

पण आधी दोराचंच सांगतो. अंक वाचणाऱ्यांना वाटेल, दोरात काय एवढं?

मी महाडला कॉलेजात आलो त्या वर्षी तू दोर घ्यायला आला होतास. तुझ्या आणि आमच्या, दोन्ही घरांतला कॉलेजात जाणारा मी पहिला. त्याचं तुला इतकं कौतुक होतं की एसटीतून उतरल्यापासून भेटेल त्याला सांगत होतास, "भाचा हाय. सायन्सला हाय." बाजारपेठेत हमीदभाईंच्या दुकानात शिरलो. ट्रकवाले, होडीवाले, गुरं बांधणारे, सगळ्यांचे दोर तिथे भिंतभर टांगलेले.

"आलात लखूशेठ? आता माझ्या दोरांची परीक्षा," हमीदभाई म्हणाले. "हा कोण बरोबर?"

"भाचा. सायन्सला हाय. आज दोर तोच पसंत करनार."

मी हिशोब केला की जिवाचा प्रश्न आहे, तर सगळ्यात जाड तो चांगला. चोवीस एमएमच्या वेटोळ्यावर हात ठेवला. तू आणि हमीदभाई एकदमच हसलात.

"ट्रक बांधायचाय तुला?"

"ट्रकवालेसुद्धा घेत नाहीत तो," हमीदभाई म्हणाले. "दोन वर्षं झोपलाय इथे."

मग तू प्यायला पाणी मागितलंस आणि तांब्या माझ्या हातावर ओतलास. दुकानात ओल झाली, पण हमीदभाईंनी काही म्हटलं नाही, त्यांना सवय होती. तू म्हणालास, "आता धर. झाडावर हात कोरडा नसतो. घाम असतो, चीक असतो." मी ओल्या हाताने तो जाडा दोर धरला. बोटांची टोकं तळव्याला टेकेनात. "मूठ मिटली? नाय. मंग जोर कुटनं येनार? आनि हा भिजला की खांद्यावर रेडकू घेऊन चढल्यासारका." मग दहाचा हातात दिलास. त्यावर मूठ मिटली, पण इतकी मिटली की आत दोर आहे की नाही ते कळेना आणि नखंच तळव्यात रुतली. बारावर तू थोडा वेळ थांबलास. चौदाचा पांढरा तीनपदरी नायलॉन हातात आला तेव्हा मला काहीच वेगळं वाटलं नाही. "तेच," तू म्हणालास. "काय वाटायला नको. बोटं तळव्याला लागली पायजेत, रुतली नाय पायजेत."

तेवढ्यावर तू थांबला नाहीस. खिशातून आठ एमएमची सुती दोरी काढलीस, तुझा विळखा. तू जवान असताना मुंबईच्या गोदीत हे शिकला होतास. वरच्या फांदीवरून दोर टाकायचा, एक टोक कमरेला आणि मांड्यांना बांधायचं, दुसरी बाजू समोर लोंबती ठेवायची, आणि त्या लोंबत्या बाजूवर ही बारीक दोरी तीन वेळा वेढून तिची टोकं कमरेला बांधायची. वेढे हाताने वर ढकलले की सरकतात. अंगाचं वजन पडलं की आवळतात आणि माणूस तिथेच थांबतो. तू हमीदभाईंच्या वाशावरून तीन दोर टाकलेस आणि प्रत्येकावर विळखा घालून पाय उचललेस. चोवीसच्या ताठ दोरावर वेढे नीट बसलेच नाहीत. दहावर तू हळूहळू घसरत खाली आलास. चौदावर जागच्या जागी लटकलास, पाय हलवत, लहान मुलासारखा. एक बाई सुंभ घ्यायला आली होती, ती पायरीवरच थबकली.

"वासा माझ्या बापाच्या वेळचा आहे, लखूशेठ. बेताने," हमीदभाई म्हणाले.

"तुज्या बापानं चांगला घातलाय," तू वरून म्हणालास.

तिथे लटकत लटकतच तू मला शिकवलंस, "जाडावर बारीक चावतं. बारकावर बारीक चावत नाय, घसरतं." मला ते ऐकायला गंमत वाटलं. वहीत मात्र लिहून घेतलं नाही. वहीत मी तेच लिहीत होतो जे फळ्यावर यायचं.

तू सगळ्यात बरोबर होतास असं मी म्हणणार नाही. तू गेलास म्हणून खोटं कशाला लिहू? पुढच्या दिवाळीत मी घरी आलो तेव्हा तुझा तो लाडका चौदाचा दोर तुझ्या पडवीत जुन्या बॅटरीच्या खाली पडलेला दिसला. बॅटरीतलं पाणी गळत होतं. मी दोर उचलून पदर उलगडले. वरून पांढरा स्वच्छ, आतून पिठासारखा. तुला दाखवला तर खवळलास. "माजा दोर मला शिकवतोस? तू जन्मला नव्हतास तवापासनं मी दोर धरतोय." मी म्हटलं, ॲसिड नायलॉन खातं, आमच्या प्रयोगशाळेत शिकवलंय. तू एक पदर दोन बोटांत धरून ओढलास. तो टपकन तुटला. मग आत जाऊन कोयता आणलास आणि उभा दोर हातहाताच्या तुकड्यांत तोडलास, चुकून कुणाच्या हाती लागून कुणी वर जाऊ नये म्हणून. दुसऱ्या दिवशी हमीदभाईंकडून नवा चौदाचा आणलास आणि टोळीतल्या सगळ्यांना सांगितलंस, "भाच्यानं वाचवलं मला." यशवंतदादा माझ्याकडे असा बघायला लागला जसा मी डॉक्टरच झालोय.

मामा, माझं डोकं तिथेच फिरलं. आपल्याला दोरातलं कळतं असं मला वाटायला लागलं.

त्या हिवाळ्यात ठेकेदाराला आंबेनळी घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या फांद्या छाटायचं काम मिळालं. पावसाच्या आधी रस्त्यावर आलेलं सगळं काढायचं. मोठं काम. त्याने टोळीतल्या प्रत्येकासाठी नवा दोर आणला. आठ एमएमचा, निळा, प्लास्टिकचा. वजनाला हलका, चकचकीत. दत्तू तर तो गळ्यात घालून नाचला. रविवार होता, मी तुझी भाकरी घेऊन तिथे आलो होतो.

तू दोर मुठीत धरलास आणि ठेकेदाराला परत दिलास. "ह्याच्यावर नाय चढायचं."

"तू तुझ्या दोरावर चढ रे बाबा. तुला कोण अडवतंय?"

"मी नाय. ह्यांनी पन नाय चढायचं."

"का? तुटेल?"

तू थांबलास. खोटं तुला बोलता यायचं नाही. "तुटंल असं नाय…"

"मग?"

तू शब्द शोधत होतास. मला ते दिसत होतं. हात पुढे करून मूठ मिटून दाखवत होतास. आणि ठेकेदार सगळ्यांकडे बघून हसत होता. तेव्हा मी बोललो. मला शपथेवर वाटलं की मी खऱ्याची बाजू घेतोय. वेटोळ्याला लावलेल्या चिठ्ठीवर दोर किती वजनाला तुटतो ते छापलेलं होतं. मी मनात भागाकार केला आणि म्हणालो, "मामा, हा तुटणार नाही. दहा माणसं पेलेल."

"लिहून दे," ठेकेदार म्हणाला.

मी दिलं. वहीचं पान फाडून, माणसाचं वजन, दोराची ताकद, भागाकार, उत्तराखाली दोन रेघा, माझी सही, आणि सहीखाली 'द्वितीय वर्ष बी.एस्सी.' न मागता लिहिलेलं. त्याने पान घडी करून वरच्या खिशात घातलं. "बघ लखू. तुझाच सायन्सवाला सांगतोय."

आपल्याकडे कागदाला केवढा मान! मी तोंडाने सांगितलं असतं तर यशवंतदादाने एखादा प्रश्न तरी विचारला असता. कागदावर आल्यावर कुणी काही विचारलं नाही.

तू माझ्याकडे बघितलंस. रागाने नाही. मला अजून सांगता येत नाही ती नजर कसली होती. मग स्वतःचा दोर गुंडाळलास, खांद्यावर टाकलास आणि रस्त्याने खाली चालायला लागलास. ठेकेदार मागून ओरडला, "म्हाताऱ्याला उंची नडायला लागली रे!" सगळे हसले. दत्तूही हसला. मी हसलो नाही, पण तुझ्यामागून आलोही नाही. तुझी भाकरी माझ्या हातात तशीच होती.

वीसेक दिवसांनी दत्तू घसरला.

दोर तुटला नाही. निळा दोर आठचा आणि त्याच्या विळख्याची दोरीही आठची. वेढे चावलेच नाहीत. वजन पडताच तो दोरावरून सरसर खाली आला. घाबरून त्याने दोर हाताने पकडला, तर बारीक दोर मुठीतून असा धावला की दोन्ही तळव्यांची सालं त्यावर राहिली. मग त्याने सोडला. घोटा मोडला. घोट्याला पट्टी बांधल्यावर ठेकेदार त्याला बघायला आला तेव्हा त्याने वर दोर तपासून आल्याचं सांगितलं. "दोर जसाच्या तसा आहे. दत्तूचाच हात सुटला." आणि खिशातला कागद काढून दाखवला. माझं वाक्य तो माझ्यापेक्षा चांगलं बोलतो.

दत्तू तुझ्या बहिणीचा नाही, भावाचा नाही. तरी त्याच्या घरी लाकडं तू पोचवलीस, गुरांचा चारा तू कापून दिलास. त्या दिवसाबद्दल त्याला स्वतःहून एक शब्द बोलला नाहीस. त्याचीच आई सांगते, तो रडायला लागला तर तू म्हणालास, "हसला होतास तवा रडला असतास तर बरं होतं. आता गप."

मी शनिवारी घरी आलो. तू मला परसात नेलंस. कुठून तरी त्या निळ्या दोराचा तुकडा मिळवला होतास. फणसाच्या आडव्या फांदीवरून तो टाकलास, माझ्या हातांवर पाणी ओतलंस आणि म्हणालास, "पाय उचल." मी उचलले. दोन श्वासही थांबू शकलो नाही. खाली आलो तेव्हा तळवे लाल झाले होते आणि आग होत होती. मग तू तुझा चौदाचा टाकलास. "उचल." मी उचलले आणि लटकलो. तू समोर बसून तंबाखू मळलीस, बार भरलास, तरी मी लटकतच होतो. मामी दारातून म्हणाली, "ह्याला वाळत घातलाय काय?"

मी खाली उतरल्यावर तू विचारलंस, अगदी हळू, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं, "तुज्या गनितात हात कुटं होता रे?"

मामा, तुझं चुकत नव्हतं. तुला कसलं श्रेय नको होतं, हे मला आज कळतं. तुला एवढंच हवं होतं की मी 'हो' म्हणावं, म्हणजे टोळी ऐकेल. माझे तळवे जळत होते. उत्तर माझ्या हातातच होतं. आणि मी म्हणालो, "पण मामा, दोर तुटला नाही ना."

तू दोर गुंडाळलास. नीट, कोपरापासून अंगठ्यापर्यंत, नेहमीसारखा. "नाय तुटला," तू म्हणालास. "चल जेवायला."

त्यानंतर आपलं बोलणं झालं ते डाळ, मीठ, एसटीच्या वेळा यांचंच. तू आजारी पडलास तेव्हा माझ्या प्रात्यक्षिक परीक्षा चालू होत्या. निरोप आला, 'कावीळ आहे, औषध चालू आहे, धावत येऊ नकोस.' मी ठरवलं, रविवारी जायचं आणि सांगायचं. वाक्यही तयार केलं होतं. तू शुक्रवारी गेलास.

त्या वाक्याचं मी काय केलं ते तुला सांगतो.

दहाव्याला सावित्री नदीवर सगळी टोळी आली होती. दत्तूही काठी टेकत आला. लोकांची समजूत की तुझी काही इच्छा राहिली असेल तर कावळा शिवायला वेळ लागेल, मग एकेकाने पुढे होऊन काही ना काही कबूल करायचं. मी त्याच वेळेची वाट बघत होतो. तेव्हा बोलणं सोपं गेलं असतं, सगळेच बोलतात. पण गुरुजी पान मांडतायत तोवरच कावळा आला आणि पिंड घेऊन उडालासुद्धा. घाई करायची सवय तुझीच. सगळे खूश झाले, "लखू सुखात गेला" म्हणत उठले, धोतरांची वाळू झटकायला लागले.

मग मला तसंच, कसलंही निमित्त नसताना, उठलेल्या माणसांसमोर उभं राहावं लागलं. म्हणालो, "त्या दिवशी मामा बरोबर होता. मी चुकीचं लिहून दिलं. दोर किती पेलतो एवढंच मी काढलं. माणूस त्याला कसा धरून राहतो ते काढलंच नाही. मामा घाबरला नव्हता. तो तुमच्यासाठी भांडत होता आणि मी त्याचं तोंड बंद केलं."

यशवंतदादाने फक्त विचारलं, "आता काय लिवून देनार?"

मी लिहून दिलं. चौघांना चार कागद, चारही हाताने लिहिलेले. 'झाडावर चढण्याचा दोर मुठीत भरला पाहिजे. विळख्याची दोरी दोरापेक्षा बरीच बारीक पाहिजे. चौदा एमएमपेक्षा बारीक दोरावर चढू नये. माझा आधीचा कागद चुकीचा आहे.' खाली सही. या वेळी सहीखाली काही लिहिलं नाही. यशवंतदादाने घडी करून टोपीत खोचला. "वाचनार कोन, पन असू दे."

मग मी ठेकेदाराकडे गेलो. पोलादपूरच्या नाक्यावर, चहाच्या टपरीवर. माझा जुना कागद परत मागितला. तो म्हणाला, "कागद माझ्या खिशात, सही तुझी. परत कसला?"

"मी चुकलोय म्हणून सांगायला आलोय."

"तू चुकतोस? मग कॉलेज काय कामाचं?" बाकावरची माणसं हसली. "दत्तू पडल्यापासून अडलेलं काम शिमगा झाला की परत सुरू करायचंय. मला दोर हवा, भांडणं नकोत. तुझ्या मामालाही हेच सांगितलं होतं. बिचारा घाबरला."

मला भांडता येत नाही, तुला माहीत आहे. तरी मी म्हणालो, "तो घाबरला नव्हता. तुम्ही पुन्हा हे म्हणालात तर मी पुन्हा इथे येऊन सगळ्यांसमोर सांगेन. रोज येईन. सकाळच्या एसटीने येईन आणि दुपारच्या एसटीने कॉलेजला जाईन." कुणीतरी मागून म्हणालं, "पास काढलाय काय रे?" परत हसले. हसू देत. मी पुढचे चार दिवस गेलो. चौथ्या दिवशी ठेकेदार टपरीवर नव्हता. मला वाटलं, कंटाळला असेल. टपरीवाल्याने चहा दिला आणि म्हणाला, "आज नाय यायचा. जीप घेऊन वर घाटाकडं गेलाय सकाळीच."

त्या चार दिवसांत शिमगा होऊन गेला होता, म्हणजे काम सुरू झालं असणार. ठेकेदाराच्या खिशातला कागद आणि टोपीत खोचलेला कागद यात कोणता जिंकेल ते मला माहीत होतं. कामाला नाही म्हणणं तुला परवडलं, कारण तू तू होतास. यशवंतदादाला तीन मुली आहेत. मी त्यांना दोष देणार नव्हतो. महाडला परतताना एसटीत तुला एवढंच सांगत होतो की मी तरी ठेकेदाराचं खोटं खरं मानणार नाही. टोळी चढली तरी. सगळं गाव हसलं तरी. पुढे मी कुठेही गेलो, कितीही शिकलो, तरी कुणी माझ्यासमोर तुला भित्रा म्हणून जाऊ शकणार नाही.

त्यानंतर काल संध्याकाळपर्यंत घाटाकडून काहीच कळलं नव्हतं. काल कॉलेजातून खोलीवर जाताना हमीदभाईंनी दुकानातून हाक मारली. "अरे भाच्या, इकडे ये. बस. पाणी पी आधी. तुला कळलं की नाही?"

त्यांचा मेहुणा लाकडाचा ट्रक चालवतो. दोन दिवस तो घाटाच्या पायथ्याशी ट्रक उभा करून बसलाय, कारण भरायला फांदीच नाही. पहिल्या दिवशी सकाळी निळे दोर वाटले. यशवंतदादाने ते घेतले, सगळ्यांचे एकत्र केले आणि वडाच्या मुळाशी नेऊन ठेवले. मग चौघंही तिथेच बसले. दत्तूला काम नव्हतंच, तरी तो काठी टेकत येऊन बसला. ठेकेदार ओरडला, मग समजावून बघितलं, मग माझा जुना कागद काढून वाचून दाखवला. वाचून झाल्यावर यशवंतदादा म्हणाला, "परत एकदा वाच. बरा वाचतोस."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. दुसऱ्या दिवशी जीप घेऊन गेला आणि बाहेरची दोन माणसं घेऊन आला, वाईकडची. दणकट, झाडावरचीच. वड बघितला, म्हणाले, अर्ध्या दिवसाचं काम आहे. मग निळा दोर उचलला. एकाने मुठीत धरून बघितला, थुंकी लावून परत धरला. दुसऱ्याने ओढून बघितला. ठेकेदाराला विचारलं, यावर कुणी चढलं होतं का? तर दत्तूने नुसते तळवे वर करून दाखवले. ते दोघंही जाऊन यशवंताशेजारी बसले. आज सकाळपर्यंत बसलेच आहेत."

मी म्हटलं, "मामाचं ऐकून बसले असतील. यशवंतदादाने सांगितलं असेल त्यांना."

"नाही रे," हमीदभाई म्हणाले. "मेहुण्याने मुद्दाम विचारलं. लखू कोण, तेच त्यांना माहीत नाही."